मामांनी ऐकलेली पुस्तकं

आयुष्य बदला, मन जिंका, श्रीमंत व्हा असं सांगणाऱ्या पुस्तकांचा माझ्या थोरल्या मामांएवढा कट्टर दुश्मन अख्ख्या पनवेल तालुक्यात झाला नसेल, आणि तसली पुस्तकं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकणारा माणूसही मी दुसरा पाहिला नाही. ऐकणारा म्हणतो, कारण मामा दुसरीतून सुटले ते थेट मिठागरात. दुकानाच्या बोर्डावरची अक्षरं ते लावून लावून वाचतील, पण अख्खं पुस्तक त्यांच्या हाताला कधी लागलं नाही. आमच्या दोन्ही घरांत मिळून पहिला पदवीधर मी. बी.कॉम., सेकंड क्लास, आणि हे मी कुठेही न लाजता सांगतो. कॉलेजात असताना इंटरव्ह्यूच्या भीतीने मी असली चार पुस्तकं विकत घेतली होती, आणि ती वाचून मला एवढंच कळलं की लिहिणाऱ्याचं भलं झालं. मामांना तेच कळलं, पण माझ्यापेक्षा पुष्कळ बारकाईने.

झालं असं की मिठागरं गेली, त्या जागेवर वसाहत उठली, जमिनीचे पैसे आले, त्यातून मामांनी सुकापूरला तीन मजले चढवले, भाडेकरू आले, आणि भरतीचं पाणी बघायला पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला दिवसभर ओटीवरच्या खुर्चीत बसायची शिक्षा झाली. मोबाईलमध्ये कार्ड घालायची टूम तेव्हा नवी होती. स्टँडाजवळ एका चाचांचं दुकान होतं, तिथे कार्डात गाणी भरून मिळत. मामांना गाण्यांची गोडी नाही. चाचांनी मग कुणीतरी मागवून न्यायला विसरलेली बोलती पुस्तकं त्यांच्या गळ्यात मारली. म्हणाले, "मामू, ये सुनो, जिंदगी बदल जायेगी." मामा म्हणाले, "माझी बदलून झाली. तरी पन टाक."

त्यांची ऐकण्याची रीत वेगळी होती. आमच्याकडे कुणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्याने मधेमधे ‘हं’ म्हणायचं असतं. हुंकार आला नाही की सांगणारा थांबतो, झोपलास काय म्हणून विचारतो. मामा मोबाईललाही हुंकार देत. पण आतला माणूस काही थांबायचा नाही. मामांना हा मोठा उद्धटपणा वाटे. "समोरचा ऐकतंय का मेला, त्याचं याला कायच पडलं नाय. याला बायको नसंल," असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मग ते बोटाने त्याला गप्प करत, आपलं म्हणणं पूर्ण मांडत, आणि त्यानंतरच त्याला पुढे बोलायची परवानगी देत. पाच तासांचं पुस्तक अशाने तीन तीन आठवडे चाले. मागे वाजणाऱ्या बासरीवरही त्यांचा राग होता. हळदीला बँड असतो, मयताला भजन असतं, पण जगात कसं वागावं हे सांगताना बासरी कशाला, हे त्यांना मी पदवीधर असूनही समजावून देऊ शकलो नाही.

नुसतं ऐकून टीका करणं मात्र त्यांना पटत नसे. मिठागरात त्यांचं काम मीठ पारखायचं. चिमटीत घेऊन चोळायचं, जिभेला लावायचं, मग बोलायचं. पुस्तकातली प्रत्येक गोष्ट त्यांनी तशीच चोळून बघितली. आरशासमोर उभं राहून ‘मी फार मोठा माणूस आहे’ असं रोज दहा वेळा म्हणा, असं एकाने सांगितलं. चौथ्या वेळेला मागून मामी म्हणाली, "मोठा मानूस, दूध संपलंय." दुसऱ्याने सांगितलं, भेटेल त्याच्याकडे बघून हसा. मामांचा चेहरा हसण्यासाठी घडवलेलाच नाही. तीन दिवसांत दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू हात जोडून खाली आला आणि म्हणाला, काका, खोली खाली करायची असेल तर सरळ सांगा. तिसऱ्याने सांगितलं, हवी ती वस्तू डोळे मिटून डोळ्यांसमोर आणा, ती तुमच्याकडे चालत येते. मामांनी महिनाभर डोळे मिटून आपलं मिठागर समोर आणलं, बांध, भरतीचं पाणी आत घ्यायची उघडी, पांढऱ्या राशी सगळं, आणि महिना भरल्यावर खरोखर बघायला गेले. तिथे बारा मजली इमारत उभी होती आणि वॉचमनने त्यांना विचारलं, कुठल्या विंगमध्ये जायचंय. घरी येऊन त्यांनी ते पुस्तक कार्डातून कायमचं पुसायला लावलं.

पहाटे पाचला उठणारा माणूस यशस्वी होतो, हे वाक्य तर जवळजवळ प्रत्येक पुस्तकात येई, आणि दर वेळी मामा त्याला थांबवून तेच सांगत. "अरे, आमचा अख्खा मिठागर चारला उठायचा. श्रीमंत झाला तो शेठ. तो उठायचा धाला." हात बांधून उभा राहणारा माणूस मनातलं लपवतो, हे ऐकल्यावर म्हणाले, "हात बांधून उभा तो मुकादम. त्याच्या मनात काय हाय ते आमाला पुस्तकाबिगर ठावं होतं." आणि पुस्तक संपलं की चिमटी चोळल्यासारखं करून निकाल देत. "पांढरं दिसतंय. खारट नाय." यापेक्षा चांगली समीक्षा मी आजवर वाचलेली नाही. मोठमोठ्या डिग्र्यांची माणसं या पुस्तकांनी भारावून गेलेली मी ऑफिसात बघतो, तेव्हा मला वाटतं, यांना आठवडाभर मामांच्या ओटीवर आणून बसवावं.

इतकी नावं ठेवूनही ते ऐकत का राहिले, हे मी एकदा विचारलं. म्हणाले, "दिवसभर कोन बोलतंय माझ्याशी?"

त्यांच्या या खऱ्या मतांची सगळ्यांना धास्ती होती, आणि सगळ्यांत जास्त धास्ती त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या मामेभावाला, हरेशला. कारण हरेशच त्या लाइनला लागला होता. बंदरात कारकून होता. चांगली कायम नोकरी. कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिराला गेला आणि परत आला तो कोट शिवायला टाकूनच. रविवारी व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेऊ लागला, माणसं जमू लागली, आणि एक दिवस नोकरीचा राजीनामा देऊन मोकळा झाला. नवीन पनवेलला हॉल घेऊन पहिला मोठा कार्यक्रम ठरवला. त्यात त्याच्याच आवाजातलं बोलतं पुस्तक निघणार होतं. कार्यक्रम पडला तर बंदरात कुणी परत घेणार नव्हतं. घरात बायको आणि दोन लहान मुलं. आठवडा उरला असताना तो कार्ड घेऊन आला, मामांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाबा, ऐका. खरं काय ते सांगा." सांगताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

रविवारी दुपारी मामांनी मला बोलावून घेतलं. एकट्याने ऐकायचा धीर नसावा. चार प्रकरणं झाली, त्यांनी एकदाही थांबवलं नाही. वेळच्या वेळी हुंकार देत राहिले. बासरी होती, तीही चालवून घेतली. पाचव्या प्रकरणात हरेश खोल आवाजात सांगू लागला की माझे वडील दारूच्या पूर्ण आहारी गेले होते, संध्याकाळी त्यांची पावलं वाजली की आम्ही भावंडं खाटेखाली लपायचो.

मामांनी बोट ठेवलं.

आता हे कळायला आमच्या गावांची रीत माहीत पाहिजे. हळदीला आमच्याकडे बाटली नाही असं होत नाही, आणि त्या सगळ्या गावात एक थेंब न घेतलेला माणूस म्हणजे मामा. त्यांच्यासाठी लिंबू-सोडा वेगळा येई. मामीच्या वडिलांनी करंजा गावाहून मुलगी दिली ती हे एकच बघून. शिक्षण नाही, पुढे जमीनही राहिली नाही. या माणसाची कमाई म्हणून कुणाला दाखवता येईल असं हेच काय ते होतं. माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "मामा, मी आत्ता फोन लावतो त्याला."

"थांब," मामा म्हणाले. "म्होरं काय होतंय ते बघू."

आणि त्यांनी पुढे लावलं. त्या दारुड्या बापाचं काय होतंय याची त्यांना खरोखर काळजी लागली असावी. सातव्या प्रकरणात मुलगा त्याला समोर बसवतो, शांत आवाजात चार वाक्यं बोलतो आणि बाप बाटली फोडून टाकतो. मामांनी श्वास सोडला. "सुटली एकदाची," म्हणाले.

संध्याकाळी हरेश आला तेव्हा मीच त्याला ओटीवर अडवलं आणि तोंडाला येईल ते बोललो. तो रडवेला झाला. म्हणाला, "दादा, या लाइनला स्ट्रगल लागतो. सगळ्या ट्रेनरांचं काही ना काही आहे. कुणाचं घर जळलंय, कुणाला बापाने हाकललंय. बाबांनी आयुष्यात वाईट काहीच केलं नाही, मला कधी चापट मारली नाही, तर मी लोकांना सांगू काय?" आत मामा हे ऐकत होते. बाहेर आले. मला वाटलं, आता चिमटी चोळतील. ते म्हणाले, "आवाज बरा हाय तुझा. जरा सावकाश बोल. समोरच्याला हं म्हनायला जागा ठेव." एवढंच मत.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. मामा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. हरेश वडिलांच्या गोष्टीवर आला, सावकाश बोलला, आणि शेवटी हात पुढे करून म्हणाला की ते आज इथे बसले आहेत. लोक वळले, काही उभे राहिले, टाळ्या थांबेनात. मामा उठले, सगळीकडे फिरून नमस्कार केला आणि बसले. नंतर चहाला एक बाई डोळे पुसत त्यांच्यापाशी आल्या. म्हणाल्या, "काका, माझ्या मिस्टरांना सांगाल का काही? तुम्ही कधी सोडलीत?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या बाईंना म्हणाले, "झाली धा-बारा वर्सं. सुटते, ताई. वेळ लागतो."

उभ्या जन्मात खोटं मत न दिलेल्या माणसाचं हे पहिलं खोटं मी माझ्या कानांनी ऐकलं.

हरेशचं बरं चाललंय. त्याची पुस्तकं मला अजूनही भिकार वाटतात, आणि मी हे त्याच्या तोंडावर सांगतो. सुकापूरला आता जुनी माणसं कमी उरली आहेत. इमारती वाढल्या, नवी बिऱ्हाडं आली, आणि त्यांना मामा ठाऊक आहेत ते मुलाने सुधारलेला बाप म्हणून. परवा शेजारच्या हळदीला मी त्यांच्याजवळ बसलो होतो. ग्लासांचा ट्रे घेऊन एक तरुण आला, आणि त्याच्यासोबतच्या कुणीतरी त्याला घाईने बाजूला ओढलं. "त्यांच्यासमोर नको नेऊस. बिचाऱ्यांनी लई कष्टाने सोडलीय." मी तोंड उघडलं, तर मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्या पोराला म्हणाले, "हां बाबा, दूरच ठेव. मन लय वाईट असतं."