घरनं आणलेली बाटली

तांबोळी सर गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर कळवलं, त्याला आता महिना होईल. "झोपेतच गेले अब्बा," ती म्हणाली. बरं झालं, असं माझ्या तोंडून निघून गेलं. जन्मभर धास्तावून जगलेल्या माणसाला शांत मरण आलं, एवढंच म्हणायचं होतं मला.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. फार्मसीचा डिप्लोमा करताना पारनेरकडच्या एका दवाखान्यात मी हाताखाली शिकायला गेले. ओपीडीच्या औषधखिडकीत सर मला शिकवायचे. शिकवायचे कसले, घाबरवायचेच. तेव्हा पातळ औषधासाठी बाटली पेशंटनं घरनं आणायची. तेलाची, काकवीची, दारूची, हाताला लागेल ती. सर प्रत्येक बाटली नाकाशी धरायचे, मलाही धरायला लावायचे. मला तर मेलं शिसारी यायची, पण बोलायची काय बिशाद.

एके दिवशी सरांचं नाक सर्दीनं चोंदलेलं होतं. खिडकीशी एक बाई आली, कडेवर मलूल पोर. डॉक्टरांनी जुलाब थांबायचं औषध लिहून दिलेलं. तिची बाटली सरांनी हुंगली आणि माझ्यापुढं केली. "माझं नाक आज कामाचं नाही. तू बघ." राखेचा वास आला, आणि त्याखाली काहीतरी उग्र, लसणासारखं... की भासच तो? मागं रांग खोळंबलेली, लोक करवादलेले. मी बाटली खाली ठेवली. "सर, नक्की सांगता येत नाही... पण भीती वाटतेय."

"मग भरू नकोस." सरांनी बाईला विचारलं, "यात आधी काय होतं, ताई?"

"फवारनीचं औषद हुतं. पन राखंनं चांगली घासलीया. काल रानात पोराला पानी बी यातनंच पाजलं की."

सरांनी वाकून पोराकडे पाहिलं. पोराच्या तोंडातून लाळ गळत होती, ती आम्हाला आत्ता दिसली. सर खिडकीमागून बाहेर आले, पोर उचललं आणि डॉक्टरांकडे धावले. मी दाराशी उभी. आत सुया टोचत होते, बाई नुसती बघत होती आणि पोर रडत नव्हतं. त्यानं रडावं म्हणून मी किती देव आळवले, माझं मला ठाऊक...

दुपार कलल्यावर ते रडलं. बारीक, चिरकं. मीही रडले.

जरा वेळानं बाई खिडकीशी आली. "सायेब, माझी बाटली द्या की. बुचाची हाय, घरात दुसरी न्हाई."

सर तिच्यावर ओरडले नाहीत. आपली चहाची बाटली रिकामी करून, धुऊन त्यांनी तिला दिली. तिची मागच्या अंगणात नेऊन दगडावर फोडली. काचा पुरायला खुरपं मी घेतलं.

"पोरी," ते म्हणाले, "हिच्या शेजारणींच्या घरात कसल्या बाटल्या असतील गं?"