सुटणारी पट्टी

गाडीच्या प्रत्येक भागाची जन्मापासून भंगारापर्यंतची नोंद आता आमच्या कारखान्यात संगणकावर ठेवतात. आज दाराच्या पट्टीचे बाकी सगळे रकाने मी झटपट भरले आणि एकावर अडले: ‘गाडी मोडीत निघाल्यावर हा भाग वेगळा कसा करणार?’ पट्टी चिकटवायची ठरली होती. ती निघणार नव्हती, तुटून कचऱ्यात जाणार होती.

आमचे जुने फोरमन जाधवकाका आठवले. नवा भाग आला की ते आधी पाना घेऊन तो सोडवायला बसत. ‘मॅडम, बसवतं कुणीही. सुटतो का ते बघा.’ आम्ही तेव्हा घड्याळाकडे बघायचो.

मी मंजुरी थांबवली. बदलांच्या यादीत लिहिलं, ‘पट्टीला स्क्रू.’ दुपारी स्क्रू लावलेला नमुना आला, तेव्हा मी आधी तो सोडवायला बसले. शेजारची नवी इंजिनिअर घड्याळाकडे बघत होती.