उस्तादांच्या पाठीवरची परीक्षा

इतवाऱ्यातल्या सुपडू मालीशवाल्यांचा दंडक कडक होता: गिऱ्हाईक घोरलं पाहिजे, नाहीतर मालीश कच्ची. शागिर्दाची परीक्षा ते स्वतःच्याच पाठीवर घेत. देशातली संस्थानं भराभरा विलीन झाली, पण सिंधीपुऱ्यात दुकान टाकायला आतुरलेला तोताराम काही पास होईना. रोज उस्ताद मनसोक्त घोरत आणि उठून म्हणत, "झोपलो नव्हतो रे, डोळे मिटून तपासत होतो. कोपर कच्चं आहे. उद्या ये."

"दुकानाशिवाय त्याला पोरगी कोण देईल?" उस्तादांची बायको मथुराबाई करवादायच्या.

एके सकाळी उजवा खांदा रगडून तोतारामनं हात आवरले. "उस्ताद, पास की नापास?"

सुपडूंचा डावा खांदा हिरमुसला.

"पास, बाबा, पास! टाक दुकान. पण आधी हा खांदा पुरा कर, भाऊ!"