पितळेच्या बैलगाड्या

परवा इंदापुरात माझा सत्कार झाला. पितळी सन्मानचिन्ह हातात आलं आणि घामेजल्या तळव्यांना तो जुना, आंबूस वास लागला.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या ऊस उत्पादकांच्या गटाचा अभ्यासदौरा फिजीला गेला होता. मी शाळामास्तर, अहवाल लिहायला सोबत. ऊस कमी पाहिला, सत्कार जास्त केले. एका बेटावरून दुसऱ्यावर जाणारं विमान जेमतेम दहा माणसांचं, म्हणून प्रत्येकाला सामानासकट काट्यावर उभं करत. माझ्या पुढच्या बाईने तर तान्ह्या बाळाचंही वजन करून घेतलं.

गटाचे अध्यक्ष आबा यांनी भेट द्यायच्या पितळी बैलगाड्यांची पिशवी हळूच खांबाआड सरकवली.

"आबा, हे बरं न्हाय."

"मास्तर, उभा जन्म कारखान्याच्या ऊस-काट्यावर गेला आमचा. तुमी फकस्त अहवाल लिवा."

वजनं झाल्यावर पिशवी माझ्या मांडीवर आली. निघताना वैमानिकाने मागे वळून मला हिंदीत विचारलं, "या पिशवीचं वजन झालंय ना?"

मी मान डोलावली.

विमान धावतच राहिलं. धावपट्टी संपत आली, समोर समुद्र दिसू लागला, तरी चाकं जमीन सोडेनात. शेजारी बाळ शांत झोपलं होतं. अगदी काठावरच्या दगडांवरून आम्ही कसेबसे वर उठलो.

"बगा, काय झालं का?" आबा हसले.

आबांचा मूर्खपणा म्हणून हा किस्सा मी कितीदा रंगवून सांगितला. पण वैमानिकाने विचारलं होतं मला.