सोवळ्यातलं पातेलं

रामघाटाच्या वरच्या गल्लीत मी महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घालते. एका शेगडीवर सुरुवात केली, कुणाचा आधार नव्हता. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही. म्हणून मुलांच्या तब्येतीवर संशोधन करणारी बाई दारात आली, तेव्हा आधी विचारलं, "इसमें मेरी बेटी को क्या मिलेगा?"

"हर साल मुफ्त जाँच, दीदी. अठारह की होने तक."

सौदा बरा वाटला. लेक तेव्हा दोन वर्षांची होती. दरवर्षी बाई यायची, उंची मोजायची, रक्त घ्यायची, बुद्धीची वाढ बघायला ठोकळे रचायला द्यायची, सगळं लिहून न्यायची.

चौथ्या वर्षी तिने ठोकळे काढलेच नाहीत. "खून में सीसा बढ़ रहा है, दीदी. घर में ही कहीं से आ रहा है."

"मेरे घर में गंदगी ढूँढने आई हो?" मी भडकले.

ती शांतपणे शिसं शोधणारं पिस्तुलासारखं यंत्र भिंतींवर, हळदीवर, खेळण्यांवर, स्टीलच्या भांड्यांवर धरत गेली. काही सापडेना. देवघराशेजारी पितळी पातेलं होतं.

"वो?"

"सोवळ्यातलं आहे. छूना मत."

तिने हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याच पातेल्यात चिंचगुळाची आमटी केली. नैवेद्य दाखवला. लेक पाटावर बसली होती. नैवेद्याची पहिली वाटी रोज तिचीच. पातेलं आतून चांदीसारखं चमकत होतं. दोन वर्षांपूर्वी ती कल्हई मीच करून घेतली होती, निम्म्या भावात. कल्हईवाला कुरकुरला होता, "इस दाम में असली राँगा नहीं चढ़ेगा, भाभी."

"चमकना चाहिए, बस," मी म्हटलं होतं.

स्वस्त राँग्यात, म्हणजे कथलात, शिसं मिसळतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी वाटी लेकीच्या हातातून हिसकावली. ती रडत राहिली, आणि मी सोवळ्यातच ते पातेलं घेऊन बाईच्या ऑफिसात गेले. तिने यंत्र धरलं. आकडा वाचून दाखवला नाही, नुसता माझ्याकडे फिरवला.

मला तिचा राग आहे, अजून आहे. मी नको म्हटलं आणि तिने ऐकलं, याचा.

"सीसा उतर जाएगा," ती म्हणते.

"और दिमाग?"

"नापते रहेंगे, दीदी."

परवा ती पुन्हा आली. मी दाराआड उभी होते. आत लेकीने रचलेले ठोकळे पडल्याचा आवाज तीनदा आला.