एकच पान

नगरच्या अभ्यासिकेत बोलायला मनाई आहे. मी तिथे जाऊ लागले ते त्यासाठीच. घरून काम करताना दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही हे फार जाणवतं; इथे निदान सगळेच गप्प असतात. प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या ई-पुस्तकांची मी मांडणी करते. कोडची लांब ओळ मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर कुठे तोडायची, यासाठी एकाच पानाशी आठवडाभर झटत बसते.

शेजारी बसणारी मुलगी शेवगावकडची होती, पोलीस भरतीची तयारी करणारी. आल्या आल्या ओढणीच्या टोकाने स्वतःचं टेबल पुसायची, मग न विचारता माझंही. वाचताना तिचे ओठ हलायचे. नावं आम्ही एकमेकींना कधी विचारली नाहीत.

एकदा पाण्याच्या फिल्टरपाशी ती हळूच म्हणाली, "तुजं लई दिवस एकच पान चाललंय गं. डोक्यात शिरत न्हाई का?"

हे माझं कामच आहे, असं सांगता आलं असतं. मी नुसती मान हलवली.

"माजं गणिताचं तसंच हाय. रडायचं न्हाई. हुतंय हळूहळू."

तेव्हापासून बाटली भरताना ती रोज विचारायची, "झालं का पान?" बऱ्याचदा दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं तेवढं एकच वाक्य असायचं.

मग एका दुपारी मी ते पान असलेलं पुस्तक पूर्ण करून प्रकाशकाकडे पाठवून दिलं. फिल्टरपाशी तिने नेहमीसारखं विचारलं.

"नाही अजून," मी म्हणाले.

"असू दे. उद्या बगू," म्हणत तिने माझी बाटली आधी भरली.