मावशींच्या कानातला भुंगा

निवृत्त झाल्यावर दुपार किती लांब असते ते मला कळलं. नवरा सकाळीच नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात निघून जायचा, मुलगी लग्न होऊन नाशिकला. ज्युनिअर कॉलेजात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि आता घरात कूलरच्या घरघरीशिवाय आवाज नाही. हौशी रेडिओची परीक्षा मी नोकरीत असतानाच दिली होती. परवाना कपाटात पडून होता. तो बाहेर काढला आणि अकोल्याच्या एका गृहस्थांकडून त्यांचा जुना सेट घेतला. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, या छंदात मुरलेले. मी त्यांना सर म्हणते.

सेट आला, पण माईक हातात घेतला की माझी जीभ टाळूला चिकटायची. भरलेल्या वर्गापुढे कधी घाबरले नाही, पण ऐकणारा दिसत नाही म्हटल्यावर तोंडातून शब्द निघेना. सरांना फोनवर सांगितलं तर ते हसले.

"मंग डिजिटल मोड लावा मॅडम. तिथं तोंड उघडाचं कामच नाई. तुमचा कॉम्प्युटर बोलते, त्याचा कॉम्प्युटर ऐकते."

ही गंमत अशी असते. कॉम्प्युटर आपलं छोटंसं वाक्य सुरांमध्ये बदलतो, सेट ते सूर हवेत सोडतो, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी कॉम्प्युटर ते गोंगाटातून वेचून पुन्हा अक्षरांत दाखवतो. पंधरा सेकंद आपण पाठवायचं, पंधरा सेकंद ऐकायचं, पुन्हा पाठवायचं. वाक्य तरी काय, आपली खूण, आपला भाग, आणि तुमचा सिग्नल मला किती जोरात येतोय त्याचा आकडा. संपलं.

ते लावता लावता माझे बरेच दिवस गेले. केबल जोडली तर लॅपटॉप सेटला ओळखेना. ओळखलं तर सेट पाठवायच्या स्थितीत जाईना. एकदा तर लॅपटॉपवर कुठला तरी निरोप आला आणि त्याची 'टिंग' थेट हवेत गेली. सर फोनवर ओरडले, "सगळे आवाज बंद करा पयले!" मग लॅपटॉपचं घड्याळ जुळवलं. ते थोडं मागेपुढे असलं तरी समोरच्याला आपलं काही वाचता येत नाही. मग आवाजाची पातळी. ती जास्त झाली तर आपला सिग्नल फाटतो आणि दुसऱ्यांच्या अंगावर सांडतो. मीटरचा काटा हलता कामा नये असं सरांनी बजावलं होतं. मी तासन्‌तास त्या काट्याकडे बघत बसले. जपानमधल्या, रशियातल्या कुणा अनोळखी माणसाला माझ्यामुळे त्रास होऊ नये म्हणून मी एवढी जपले.

एरियलची तार आमच्या गच्चीवरून शेजाऱ्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाला बांधली होती. शेजारी फुलांचा धंदा करणारे. गावाबाहेर त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा. मुलगा पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचा, सून घर आणि मळा दोन्ही बघायची, आणि म्हातारी आई दुपारी निंबाखाली बाज टाकून हार ओवत बसायची. त्यांना मी मावशी म्हणायचे. तार बांधायची परवानगी विचारली तेव्हा मावशी म्हणाल्या, "बांध ना वं बाई. झाड काई तुही तार खाऊन नाई राहिलं." मुलाने स्वतः झाडावर चढून गाठ मारली.

पहिला संपर्क इंडोनेशियाशी झाला आणि मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. त्याच दिवसांत आणखी एक भानगड दिसली. मी पाठवायला लागले की माऊस गोठायचा. सर म्हणाले, लहरी तारेवरून मागे फिरून घरात शिरतात. त्यांनी काळ्या चुंबकी कड्या पाठवल्या, मी त्या केबलींवर चढवल्या, माऊस ताळ्यावर आला. लहरी माझ्या घरात शिरत होत्या हे मला कळलं होतं. त्या भिंतीपलीकडेही शिरत असतील, हे भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईच्या मनात आलं नाही.

मावशींना कमी ऐकू यायचं. त्यांच्याकडे ऐकायचं जुन्या पद्धतीचं यंत्र होतं, छातीशी पिनने अडकवलेली डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. एक दिवस कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, कानात भुंगा शिरला माह्या. घूं घूं करते."

मी म्हणाले, "वयानं होतं मावशी. बऱ्याच लोकांच्या कानात आवाज येतात."

त्यांनी मान डोलावली. शिकलेली बाई सांगते म्हणजे खरंच असणार.

पण भुंगा जाईना. मुलाने कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही. यंत्र दुकानात नेलं, तिथे ते व्यवस्थित चाललं. शेवटी बदल म्हणून मावशींना अकोल्याला मुलीकडे पाठवलं. तिथे भुंगा एकदाही आला नाही. त्या खुशीत परत आल्या, आणि आल्या त्याच दुपारी कानावर हात ठेवून बसल्या.

संध्याकाळी सून आमच्याकडे कढीपत्ता मागायला आली. डोळे सुजलेले.

"मॅडम, तुमीच सांगा. अकोल्याले भुंगा नाई, पोरीच्या घरी नाई. इथंच हाय. म्हंजे भुंगा मीच ना?"

"असं काय बोलतेस?"

"मी नाई बोलत, त्या बोलून राहिल्या. मले त वाटते, इथं राहाचं नाई म्हणून नाटक हाय सगळं."

मी तिला पाणी दिलं, समजूत घातली. सासू-सुनांचं असंच असतं, असं काहीतरी म्हणाले.

दोन दिवसांनी मावशी पुन्हा कुंपणाशी आल्या. मी सहज विचारलं, "सारखाच वाजतो का हो तो?"

"नाई ना. थोडा वेळ घूं करते, मंग चूप बसते. मंग पुन्हा घूं. जसा दम घेऊन राहिला."

मी वर गेले. माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून निंबाखालची बाज दिसते. मावशी हार ओवायला बसल्या होत्या. मी पाठवायचं बटण दाबलं. त्यांचा सुईचा हात थांबला आणि कानाकडे गेला. पंधरा सेकंद झाले, सेट थांबला. हात खाली आला. मी पुन्हा दाबलं. पुन्हा हात वर गेला. खात्री पहिल्याच वेळी झाली होती, दुसऱ्यांदा दाबलं ते मी शहानिशा म्हणून चालवून घेते. पण मी तिसऱ्यांदाही दाबलं. ते कशासाठी, हे मला अजून सांगता आलेलं नाही.

त्याच वेळी खाली जाऊन सांगायला हवं होतं. मी सेट बंद केला, लॅपटॉप मिटला आणि ठरवलं की आता काही दिवस पाठवायचंच नाही. आवाज थांबेल, घरातलं भांडण आपोआप निवेल, मग सवडीने तार दुसरीकडे नेऊ. कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही.

आवाज थांबला. पण त्याच दिवशी संध्याकाळी मुलगा आईवर खेकसला होता, हे मला ठाऊक नव्हतं. चार-पाच दिवसांनी तो फाटकाशी भेटला, चेहरा मोकळा.

"मॅडम, भुंगा गेला बरं का! डॉक्टर-गिक्टर काई नाई, एकदा जोरात बोललो अन्‌ सुतासारखी सरळ झाली माय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "वाईट वाटते, पण नाटकच होतं थे."

मी गप्प राहून काय केलं होतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. भांडण मिटलं नव्हतं, त्याचा निकाल लागला होता, आणि मावशी खोट्या ठरल्या होत्या.

त्यांच्या अंगणात गेले तेव्हा मावशी बाजेवर होत्या, सून ओट्यावर फुलं निवडत होती. मावशींनी यंत्र लावलंच नव्हतं. खेकसणं ऐकल्यापासून त्यांनी ते काढून ठेवलं होतं. मी जवळ बसून हळू आवाजात म्हणाले, "मावशी, तो भुंगा माझ्यामुळे होता."

"काय?"

"माझ्या रेडिओमुळे! त्या तारेमुळे!"

"काय म्हंतं बाई?"

मला ओरडावं लागलं. "तुम्ही नाटक करत नव्हता! आवाज खरा होता! माझी मशीन सुरू झाली की तुमच्या कानात वाजायचं!"

समोरच्या घराचं दार उघडलं. रस्त्यावरून जाणारा भाजीवाला थांबला. मुलगा आतून बाहेर आला. मी सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगितलं, खिडकीतून पाहिलेलं आणि त्यानंतरचं गप्प राहणंही.

मुलगा तारेकडे बघत राहिला. सून मात्र उठून उभी राहिली.

"तुमाले माहीत झालं तवाच काहून नाई सांगतलं मॅडम? मी रडून राहिली होती तुमच्या घरात. तुमी पाणी पाजलं मले."

तिला पाणी दिलं त्या दिवशी मला खरंच ठाऊक नव्हतं. ओठांवर आलं होतं, पण बोलले नाही. नंतर कळल्यावर मी कुठे सांगितलं होतं?

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "म्हंजे मी येडी नव्हती."

"नाई माय."

"अन्‌ खोटीबी नव्हती."

त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सर अकोल्याहून आले. आम्ही तार निंबावरून काढून आमच्या घराच्या मागच्या बाजूला नेली, केबलची गुंडाळी करून लहरी परत फिरणार नाहीत असं केलं, ताकद कमी केली. सरांनी मावशींचं यंत्र स्वतःच्या कानाला लावून अंगणभर फेऱ्या मारल्या. मी वरून पाठवत होते. "काईच नाई! एकदम सायलेंट!" ते खालून ओरडले. हे सगळं एका दुपारचं काम होतं.

पण मावशी राहिल्या नाहीत. भांडणात सून जे बोलली होती आणि मावशी जे बोलल्या होत्या, ते कुठल्या कडीने थांबणार नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्या मुलीकडे कायमच्या अकोल्याला गेल्या. जाताना माझ्याकडे आल्या. सेट बघायचा म्हणाल्या. मी पडद्यावरच्या ओळी दाखवल्या, कोण कुठून बोलतंय ते सांगितलं.

"तब्येत विचारते का?"

"नाही. फक्त ऐकू येतंय एवढं सांगतो."

"बस? यवढंच?" त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी मला लागायचं ते लागलं.

गेल्या महिन्यात मी अकोल्याला गेले. सरांकडे थोडं काम होतं, ते आटोपून रिक्षाने मावशींकडे. मुलीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मावशी बाल्कनीत बसल्या होत्या, मांडीवर रिकामे हात. इथे फुलं नव्हती. मला बघून चेहरा उजळला. मुलीने चहा केला. तिच्याशी बोलताना मला संकोच वाटत होता, पण ती नीट वागली.

चहा घेताना मावशींनी विचारलं, "चालू हाय ना तुहा रेडिओ?"

मी म्हणाले, "नाही मावशी. बंद केला."

हे खोटं होतं. आदल्याच दिवशी ब्राझीलशी संपर्क झाला होता. पण त्या रिकाम्या हातांसमोर चालू आहे असं म्हणणं मला जमलं नाही.

मावशींनी कप खाली ठेवला. "बंद काहून केला? माह्या पायी?" त्या मुलीकडे वळल्या. "पाह्य, माह्या पायी बाईनं हौस सोडली. येवढी शिकेल बाई. आता घरात यकटी बसत असन." मग माझा हात धरला. "मी कोणाले काई म्हटलं नाई वं. मी रागावली नाई तुह्यावर."

तिथेच खरं सांगता आलं असतं. मी 'तसं नाही मावशी' असं पुटपुटले, जे त्यांना ऐकू गेलं नाही, आणि निरोप घेतला.

बसमध्ये बसले. बस मूर्तिजापूरला थांबली तेव्हा राहवेना. मावशींच्या मुलीला फोन लावला. मावशींना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तिलाच सांगितलं की मी खोटं बोलले, रेडिओ चालू आहे, त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

मग मला तिचं ओरडणं ऐकू आलं, "आई! मॅडम म्हणतात, रेडिओ चालूच हाय त्यायचा! बंद नाई केला!"

दोनदा ओरडावं लागलं. मग लांबून मावशींचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आई म्हणते," मुलगी म्हणाली, "बरं झालं चालू हाय. पण मंग खोटी काहून बोलली, ईचार म्हणते."

बस सुटली होती. मी फोन कानाला लावून बसले. मुलगी वाट बघत होती.